चित्रफितीतील सर्पमानव आणि पुराव्याची कसोटी

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून आपणांपैकी काहींस हसू येईल. मलाही प्रथम आले होते. गेल्या महिन्यात येथील अभ्यासवर्ग संपल्यावर एक तरुण माझ्याजवळ आला. तो महाविद्यालयात शिकणारा, वाचनाची आवड असलेला मुलगा आहे. त्याने मोबाईलवर मला एक चित्रफीत दाखविली. तीत एक परदेशी निवेदिका बातम्या सांगत असता क्षणभर तिच्या डोळ्यांतील बाहुली उभ्या चिरेसारखी दिसते, गालावर खवल्यांसारखे चौकोन उमटतात, आणि लगेच चेहरा पूर्ववत होतो. मागून एक आवाज सांगतो की, जगावर राज्य करणारे लोक हे मनुष्य नसून मनुष्याचे रूप घेतलेले सरपटणारे प्राणी आहेत, आणि हा त्याचा पुरावा.

मी हसलो. तो तरुण हसला नाही. तो म्हणाला, "गुरुजी, मला हे खरे वाटते असे नाही. पण आपल्या वाडवडिलांची सावलीसुद्धा ज्यांना चालत नव्हती, त्यांच्याविषयी वाचले की मनात येते, असे वागणारी माणसे माणसे असतील तरी कशी?" हे ऐकून माझे हसू थांबले. त्याच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. चित्रफितीत दिसते ते काय, हा पहिला. अन्याय करणारा मनुष्य असतो की नसतो, हा दुसरा. दोहोंची उत्तरे मी आज आपणांसमोर मांडणार आहे.

प्रथम हा दावा कोठून आला ते पाहू. मनुष्याच्या वेषात वावरणाऱ्या सर्पजातीची आधुनिक कथा १९२९ साली अमेरिकेतील एका मासिकात रॉबर्ट हॉवर्ड या लेखकाने लिहिली. ती उघडपणे कल्पित कथा होती. १९८३ साली तेथील दूरचित्रवाणीवर 'व्ही' नावाची मालिका आली. तीत परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांच्या मानवी कातड्याखाली हिरवे खवले निघतात. पुढे १९९९ साली डेव्हिड आइक या इंग्रज गृहस्थाने 'द बिगेस्ट सीक्रेट' या पुस्तकात हीच गोष्ट सत्य म्हणून मांडली. हे गृहस्थ पूर्वी फुटबॉलचे गोलरक्षक होते व नंतर बीबीसीवर क्रीडावार्ता सांगत. त्यांच्या मते ब्रिटनचे राजघराणे, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व मोठे सावकार हे सर्व एका सर्परक्ताच्या वंशातील आहेत.

आपल्याकडे इच्छाधारी नागिणीचे चित्रपट लोक पाहतात आणि घरी येऊन जेवतात. पडद्यावरील नागीण पडद्यावरच राहते. आइक यांच्या वाचकांस मात्र कथा पुरेशी नव्हती, त्यांस पुरावा हवा होता. प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आला आणि इंटरनेटवर चित्रफिती टाकणे सोपे झाले, तेव्हा हा 'पुरावा' ढिगांनी मिळू लागला. २०१२ साली अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या एका भाषणाच्या वेळी सभागृहात उभ्या असलेल्या एका अंगरक्षकाचा चेहरा चित्रणात विचित्र दिसला. तो परग्रहवासी असल्याची आवई पुढील वर्षी एवढी पसरली की, एका नियतकालिकाने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयास प्रश्न विचारला. खर्चकपातीच्या दिवसांत असला कार्यक्रम परवडणार नाही, असे विनोदी उत्तर तेथून आले. त्याच २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका मतपाहणीत ४ टक्के लोकांनी सर्पमानवांचे राज्य असल्याचे मान्य केले, आणि ७ टक्के लोकांनी आपणांस निश्चित सांगता येत नाही असे म्हटले. थट्टेने उत्तर देणाऱ्यांची वजाबाकी केली तरी काही माणसे उरतातच. त्यांस मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यांनी डोळ्यांनी काहीतरी पाहिले आहे हे विसरता येत नाही. ते काय आहे?

बंधुभगिनींनो, मोबाईलवरील चित्रफीत म्हणजे घडलेल्या घटनेचे जसेच्या तसे प्रतिबिंब आहे, अशी आपली समजूत असते. येथेच पहिली चूक होते. चित्रफीत ही एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची माळ आहे. सेकंदाला २५ किंवा ३० चित्रे येतात. आज सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या स्पष्टतेच्या एका चित्रात १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर सेकंदाला १५ कोटींहून अधिक बाइट साठवावे लागतील. एवढा भार वाहून नेणे कोणत्याही साध्या मोबाईलला शक्य नाही. म्हणून यंत्र काटकसर करते.

ही काटकसर कशी होते ते ध्यानात घ्या, कारण सर्पमानवाचे खवले येथेच जन्मतात. यंत्र मधून मधून एखादेच चित्र संपूर्ण साठविते. त्यापुढील चित्रांत फक्त काय बदलले तेवढे टिपते. त्यासाठी ते चित्राचे लहान लहान चौकोन पाडते. कित्येक पद्धतींत हे चौकोन १६ बिंदू लांब व १६ बिंदू रुंद असतात. "हा चौकोन उचलून थोडा उजवीकडे ठेव," अशा सूचनांनी पुढचे चित्र तयार होते. रंगाच्या बाबतीत तर काटकसर आणखी कडक असते. बहुधा चार बिंदूंस मिळून एकाच रंगाची नोंद होते. आता प्रक्षेपणात एखादे संपूर्ण चित्र गहाळ झाले तर काय होईल? सूचना येत राहतात, पण त्या जुन्या चित्रावर लागू होतात. मग कपाळाचा चौकोन गालावर सरकतो, हनुवटीचा मानेवर चढतो, आणि माणसाच्या तोंडावर चौकटींची जाळी उमटते. पुढचे संपूर्ण चित्र आले की चेहरा तत्क्षणी नीट होतो. "क्षणभर रूप पालटले आणि पुन्हा पूर्ववत झाले" असे ज्यास म्हणतात, ते हे होय. हीच चित्रफीत कोणी उतरवून घेतो व पुन्हा प्रसिद्ध करतो, दुसरा ती पुन्हा उतरवतो, आणि प्रत्येक वेळी काटकसरीवर काटकसर होऊन खवले गडद होत जातात.

आता डोळ्यांकडे वळू. निवेदिकेच्या समोर उभे, उंच दिवे लावलेले असतात. त्यांचे प्रतिबिंब बुबुळावर पडते. जुन्या दूरचित्रवाणीत तर प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत, एकाआड एक ओळींनी दाखविले जाई. पापणी हलत असता एकाआड एक ओळी एका क्षणाच्या आणि त्यांमधल्या ओळी दुसऱ्या क्षणाच्या असत. शिवाय पापणीची एक उघडझाप सुमारे दशांश सेकंदापासून चार दशांश सेकंदांपर्यंत चालते. सेकंदाला २५ चित्रे असतील तर एका उघडझापेत अर्धवट मिटलेल्या डोळ्यांची तीन ते दहा चित्रे सापडतात. चालू चित्रफितीत ती आपल्या ध्यानातही येत नाहीत. परंतु एखाद्याने चित्रफीत थांबवून नेमके तेच चित्र बाहेर काढले, मोठे केले व वर लाल वर्तुळ काढले, की सर्पाचा डोळा तयार झाला. असे कोणाचेही चित्र काढता येईल. आज माझे चित्रण कोणी करीत असल्यास त्यातही सापडेल.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती आपल्या गावांकडील कोणीही पडताळून पाहू शकेल. उभ्या चिरेची बाहुली ही सरपटणाऱ्या प्राण्याची खूण आहे, असे या चित्रफिती गृहीत धरतात. नागाची बाहुली गोल असते. धामणीचीही गोलच. कुंपणावरच्या सरड्याची गोल. घोणस व पाल यांची उभी असते खरी, पण मांजराचीही उभीच असते. सापाला तर हलणाऱ्या पापण्याच नसतात, त्याच्या डोळ्यावर पारदर्शक आवरण असते. म्हणजे पापण्या मिटणारा सर्पमानव दाखवून साप सिद्ध करू पाहणाऱ्याने साप नीट पाहिलेला नाही, एवढेच सिद्ध होते.

येथे कोणी विचारील की, एका चित्रफितीचे स्पष्टीकरण दिले, दुसरीचे काय? हजारो चित्रफितींचे काय? याचे उत्तर आपल्या शास्त्याने केसपुत्त गावच्या कालामांस दिलेल्या उपदेशात आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी त्यांस सांगितले. आजच्या काळात त्यात आपण आपल्यासाठी आणखी एका गोष्टीची भर घालावी. अनेकांनी पुढे पाठविले आहे म्हणूनही स्वीकारू नये. एका दोषाच्या हजार प्रती म्हणजे हजार पुरावे नव्हेत.

तपासण्याची रीत साधी आहे. मूळ चित्रण कोठे आहे व ते कोणी केले? त्याच प्रसंगी दुसरा कॅमेरा होता काय, आणि त्यात तेच दिसते काय? आधीचे व नंतरचे चित्र का दाखविले जात नाही? प्रत्यक्ष तेथे उपस्थित असलेल्यांनी काय पाहिले? आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: काय दिसले असता हा दावा खोटा ठरेल? सर्पमानवाच्या भक्तास हा प्रश्न विचारून पाहा. चेहरा विचित्र दिसला तर तो पुरावा. चेहरा स्वच्छ दिसला तर रूप उत्तम पालटले याचा पुरावा. तज्ज्ञाने दोष दाखविला तर तज्ज्ञही त्यांस सामील असल्याचा पुरावा. जो दावा कोणत्याही परिस्थितीत खोटा ठरू शकत नाही त्यास पुराव्याची गरजच नसते, आणि म्हणून त्याच्या पुराव्यासही किंमत नसते. देव, अवतार व पूर्वजन्मीच्या पापांच्या बाबतीत आपण हाच अनुभव घेतला आहे. मनुष्यास बुद्धिनिष्ठ मार्गावर आणणे, त्यास सत्याच्या शोधासाठी मोकळे करणे आणि अंधश्रद्धेचे मूळ उखडणे यांसाठी बुद्धांनी अलौकिकाचा अव्हेर केला, असे परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडले आहे.

आता एक अडचणीची गोष्ट मी आपणहून पुढे ठेवतो, नाहीतर कोणी विरोधक ती ठेवील. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. एका नागाने तरुणाचे रूप घेऊन प्रव्रज्या घेतली. झोपेत त्याचे मूळ रूप उघड झाले. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी उमेदवारास तो मनुष्य आहे काय, असे विचारले जाऊ लागले. मग बौद्धांनी सर्पमानव मानावा काय? याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्या हाती दिले आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी नाग हे साप नसून लोक होते असे सांगितले. हे आर्यांचे कट्टर विरोधक, याच लोकांनी बुद्धांचा धम्म देशभर पसरविला, आणि त्यांच्याच भूमीवर आपण धम्मदीक्षा घेतली, ही त्यांची मांडणी होती. विचार करा, ज्या लोकांचा पराभव करावयाचा त्यांस ग्रंथांत साप, राक्षस, दैत्य करून ठेवले. पुढे वाचणाऱ्यास त्यांचा संहार हा पराक्रम वाटू लागला. मनुष्यास साप ठरविण्याची ही विद्या आपल्यावर चालविली गेलेली आहे. तीच विद्या आज आपण दुसऱ्यावर चालवावी काय?

ही शंका काल्पनिक नाही. आइक यांच्या १९९४ सालच्या एका पुस्तकात त्यांनी ज्यू लोकांच्या जागतिक कटाची म्हणून प्रसिद्ध असलेली 'प्रोटोकॉल्स' ही कागदपत्रे आधारास घेतली होती. ही कागदपत्रे १९०३ साली रशियात छापली गेली, आणि १९२१ साली लंडनच्या 'टाइम्स'ने ती एका जुन्या फ्रेंच उपहासग्रंथावरून चोरलेली असल्याचे सिद्ध केले. तरीही हिटलरच्या पक्षाने त्यांचा प्रचार केला. आपण ज्यूंविषयी बोलत नाही असे आइक म्हणतात. परंतु एका रक्ताचा गुप्त वंश जगाची तिजोरी व राज्ये चालवितो, ही कल्पना तीच आहे, फक्त तिच्यावर खवले चढविले आहेत. २५ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात एका माणसाने स्फोट घडवून स्वतःचा अंत केला, त्याच्या लिखाणात सर्पमानवांचा विषय होता. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका बापावर आपल्या दोन कोवळ्या लेकरांस ठार केल्याचा आरोप आला. पत्नीकडून मुलांत सर्पाचे रक्त उतरले आहे असे आपणांस वाटत होते, असे त्याने सांगितल्याचे तपास अधिकाऱ्यांच्या शपथपत्रात नमूद आहे. धाकटे मूल एक वर्षाचेही नव्हते.

हे अमेरिकेत झाले, आमचे काय, असे म्हणू नका. सर्पाच्या जागी दुसरा शब्द ठेवला की तीच गोष्ट आपल्या दारात येते. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीची एक चित्रफीत भारतभर फिरली. ती मूळची कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणारी होती. शेवटी तो दुचाकीस्वार मूल परत आणतो व फलक दाखवितो. तेवढा भाग कोणीतरी कापून टाकला. त्या दिवसांत मोबाईलवरून अशाच अफवा खेडोपाडी पोचत होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. पोटासाठी गावोगाव फिरणारे ते लोक. जमावाला ते राक्षस दिसले. आणि मारणाऱ्यांपैकी कित्येकांनी हाताने मारले, तर कित्येकांनी मोबाईल उंच धरून चित्रण केले. खोट्या राक्षसाची किंमत शेवटी कोण देतो, ते यावरून समजावे.

म्हणून त्या तरुणाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. बाळ, ती माणसेच होती. आपल्यासारखेच दोन हात, दोन डोळे व उष्ण रक्त असलेली माणसे. ती साप असती तर आपणांस त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणेच करता आले नसते. सापावर खटला चालत नाही, सापास संविधान लागू होत नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला तो माणसांकडे मागितला, कारण नकार देणारी माणसे होती आणि म्हणून त्यांस जाब विचारता येत होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य व भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुभाव यांचा नकार, आणि तो एका जातीपुरता मर्यादित नाही, असेही त्यांनी तेव्हाच बजावले. रक्तात दोष असतो असे मानणे हा चातुर्वर्ण्याचा पाया आहे. शत्रूच्या रक्तात दोष शोधू लागलो की आपण मनूच्याच शाळेत जाऊन बसलो. अन्याय व्यवस्थेने शिकविलेला असतो. माणसाने माणसास शिकविलेले माणूस विसरूही शकतो, यावरच आपल्या धम्माची सारी आशा उभी आहे. अंगुलिमालाच्या हातास रक्त होते, तरी तथागतांनी त्यास माणूसच मानले.

आता शेवटचा मुद्दा. माझे बोलणे ऐकून कोणी असे समजू नये की, चित्रफिती सर्वच खोट्या, त्यांवर विश्वासच ठेवू नये. तसे समजणे हे आपल्या घातास कारण होईल. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांस गाडीस बांधून मारले गेले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांनीच केले व मिरवले. त्याच चित्रफितीने देश हादरला, अटका झाल्या. एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. ती चित्रफीत कोणी नाकारू शकले नाही, कारण ठिकाण, वेळ, माणसे व जखमा या सर्वांचा मेळ बसत होता. आज तर यंत्राकडून हवा तो चेहरा व हवा तो आवाज तयार करून घेता येतो. अशा काळात खोट्या चित्रफितींचा सुळसुळाट झाला की त्याचा लाभ गुन्हेगारास मिळतो. तो खऱ्या चित्रणाकडे बोट दाखवून म्हणतो, "हेही बनावटच." जो आज सर्पमानवाची चित्रफीत पुढे ढकलतो, तो उद्या आपल्याच बहिणीवरील अत्याचाराच्या पुराव्याची किंमत कमी करीत असतो.

म्हणून कायद्याने काय दिले आहे तेही ध्यानात ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ अन्वये अशा गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे चित्रीकरण झाले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या नोंदीचा 'हॅश' आकडा लिहावा लागतो. नोंदीत एका अक्षराचा फरक झाला तरी हा आकडा बदलतो. तेव्हा अत्याचाराचे चित्रण हाती आले तर ते कापू नका, त्यावर गाणे वा वर्तुळे चढवू नका. ज्या मोबाईलवर ते झाले तो मोबाईल व ती मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवा. निरोपाच्या ॲपवरून पाठविलेली प्रत दाबलेली, काटकसर केलेली असते. केवळ तिच्यावर विसंबू नका. कोणी, कोठे, केव्हा चित्रण केले ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि वकिलास दाखवा. सर्पमानवाची चित्रफीत ज्या प्रश्नांपुढे टिकत नाही, त्याच प्रश्नांपुढे आपला पुरावा टिकला पाहिजे.

तो तरुण आज येथे बसला आहे. त्यास व आपणां सर्वांस माझे एवढेच सांगणे आहे की, जी चित्रफीत आपल्या मनातील रागास गोड वाटते तीच अधिक कठोरपणे तपासा. रागाला पुरावा पटकन पटतो. आपला राग न्याय्य आहे, म्हणूनच त्यास खोट्याचा आधार देऊ नका.

नमो बुद्धाय. जयभीम.